एस.टी.चे नवे अंग : रंग आणि आसन

नवी एस.टी. बस आगारात आली की लोक तिचा तकतकीत लाल रंग पाहतात आणि आसनावर हाताने दाबून पाहतात. नागपूरजवळच्या हिंगणा येथे राज्य परिवहनची बसबांधणीची कार्यशाळा आहे. तेथे तयार होणाऱ्या पोलादी बसकडे आम्हाला रंग आणि आसन या दोनच बाजूंनी पाहायचे आहे.

1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) निघालेली पहिली बस निळ्या-चंदेरी रंगाची होती. त्या वेळच्या बेडफर्ड गाड्यांचे अंग लाकडी असे आणि आसनांत काथ्या भरलेला असे. पुढे पोलादी अंग आले. पण पोलाद गंजते, कोकणच्या खाऱ्या हवेत तर फारच. म्हणून साठच्या दशकात अॅल्युमिनियम आले, आणि रंगही लाल झाला. 2018 च्या सुमारास महामंडळ पुन्हा सौम्य पोलादाकडे वळले. अपघातात अॅल्युमिनियमचा पत्रा फाटतो, तर पोलादी नळ्यांचा सांगाडा वाकून धक्क्याची बरीच ऊर्जा शोषून घेतो. निर्णय योग्यच; मात्र जुना शत्रू गंज त्याबरोबर परत आला.

अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर आपोआप बसतो व आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, त्यातून हवा-पाणी आत जातच राहते. म्हणजे पूर्वी रंग बराचसा शोभेचा होता, आता तो चिलखत आहे. या चिलखताबद्दलच आम्हाला शंका वाटते. मोटारीच्या कारखान्यात संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवितात आणि विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यांत थर चढवितात. बसचा सांगाडा बहुधा फवाऱ्याने रंगवितात. चौकोनी नळीच्या आत, वेल्डिंगच्या सांध्यांत फवारा पोचत नाही. नागपूरची हवा कोरडी खरी, पण पावसाळ्यात नळीत साचलेले पाणी गंजाला पुरते. बाहेरून बस नवीकोरी दिसते आणि आतून नळी पोखरत असते. वर्गात तीन खिळे मिठाच्या पाण्यात ठेवून पाहावे: एक उघडा, एक रंगविलेला, एक रंगवून ओरखडलेला. तिसरा विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त शिकवितो.

आसनांबाबत आमचे मत बरेच अनुकूल आहे. एका बाजूला तीन व दुसऱ्या बाजूला दोन अशी 54 जणांची जुनी दाटी जाऊन दोन-दोनची मांडणी आली, ही मोठी सुधारणा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. फोम योग्य असेल तर वजन मांड्यांवरही पसरते. फार मऊ असेल तर तो चेपून जातो आणि बसणारा शेवटी फळीवरच येतो. म्हणून हाताने दाबून केलेली परीक्षा फसवी असते. शिवाय बसलेल्या माणसाला सेकंदाला 4 ते 8 वेळा होणारी उभी कंपने सर्वांत जास्त जाचतात. ती अडवायची तर फोमची जाडी, घनता आणि खालचे स्प्रिंग यांचा मेळ बसवावा लागतो.

एक उणीव मात्र राहते. पुसायला सोपे म्हणून बसच्या आसनांना रेक्झिन लावण्याची रीत आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो. रेक्झिन घाम शोषत नाही, हवाही खेळू देत नाही. पाठ टेकते तेवढ्या भागाला विणीचे, हवा जाऊ देणारे कापड लावून बाकी रेक्झिन ठेवले, तर धुण्याची सोय फारशी जाणार नाही आणि यवतमाळपर्यंतचा दुपारचा प्रवास थोडा सुसह्य होईल.