अनुबोधपटांतील बोली : सातारा-सांगलीकडील काही लघुपटांच्या निमित्ताने

ग्रिअर्सन हे नाव भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारताच्या भाषिक पाहणीचा सातवा खंड १९०५ साली मराठीस वाहिला आणि उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची ठिकठिकाणच्या बोलींतील रूपे त्यात छापली. याच आडनावाचे दुसरे एक गृहस्थ चित्रपटाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. जॉन ग्रिअर्सन यांनी १९२६ साली फ्लॅहर्टी यांच्या ‘मोआना’ या चित्रपटाविषयी लिहिताना ‘डॉक्युमेंटरी’ हे विशेषण योजिले आणि पुढे तेच एका चित्रपटप्रकाराचे नाव होऊन बसले. मराठीत आपण त्यास अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतो. पहिल्या ग्रिअर्सनांपाशी बोली होत्या, परंतु त्या कागदावर उतरलेल्या होत्या. दुसऱ्या ग्रिअर्सनांनी ज्या चित्रपटास हे विशेषण लावले, त्यात जिवंत माणसे होती, परंतु ती मूक होती. माणूस आपल्याच बोलीत कॅमेऱ्यासमोर बोलू लागतो, तेव्हा ही दोन्ही कार्ये एकत्र येतात. सातारा व सांगली जिल्ह्यांत तयार झालेले असे काही लघुपट आज आंतरजालावर विनामूल्य पाहावयास मिळतात. त्यांची शिफारस करीत असतानाच ते कसे पाहावेत, किंबहुना कसे ऐकावेत, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

अनुबोधपटात सामान्य माणसास बोलू द्यावे, ही कल्पना आज साधी वाटते. आरंभी ती तशी नव्हती. १९३५ साली इंग्लंडमध्ये ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा लघुपट निघाला. त्यात लंडनच्या गलिच्छ वस्तीतील रहिवासी स्वतः कॅमेऱ्याकडे पाहून आपली गाऱ्हाणी सांगतात, हेच त्याचे नावीन्य मानले गेले. आपल्याकडे १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली, आणि पुढील कित्येक वर्षे चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी तिचे अनुबोधपट व वार्तापट दाखविले जात. एकच निवेदन अनेक भाषांतून ध्वनिमुद्रित करावयाचे असल्याने पडद्यावरील शेतकऱ्याचे ओठ हलत आणि आवाज मात्र निवेदकाचा येई. फिल्म्स डिव्हिजन पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. तिचे पुष्कळसे जुने चित्रपट यूट्यूबवर उपलब्ध आहेत. निवेदनाच्या प्रमाण मराठीचा घाट कसा घडला हे पाहण्यास ते मोलाचे आहेत. बोलीच्या अभ्यासकास मात्र त्यांत फारसे काही सापडत नाही.

या पार्श्वभूमीवर ज्याची शिफारस प्रथम करावयास हवी, तो लघुपट ‘कॅप्टन भाऊ’ यांच्यावरील होय. २०१४ च्या अखेरीस पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, संक्षेपाने ‘पारी’, हे ग्रामीण भारताचे संग्रहालय आंतरजालावर खुले झाले. त्यात साईनाथांच्या लेखासमवेत हे चित्रण आहे. रामचंद्र श्रीपती लाड हे कुंडलचे, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे एक नायक. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पुण्याहून मिरजेकडे जाणारी, सरकारी पगाराची रक्कम असलेली गाडी अडविण्यात आली. त्या तुकडीचे नेतृत्व जी. डी. बापू लाड व कॅप्टन भाऊ यांनी केले. शेणोली आज सातारा जिल्ह्यात आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहे. त्या वेळी सांगली हा जिल्हा अस्तित्वात नव्हता. साताऱ्यातून १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. प्रतिसरकारची भूमी आणि तिची बोली ही आजच्या जिल्हासीमेहून जुनी आहेत, याचे स्मरण हा लघुपट पाहताना ठेवावे.

नव्वदी ओलांडलेला एक वृद्ध आपल्या तारुण्यातील प्रसंग सांगतो, एवढ्यावरच या कथनाचे महत्त्व संपत नाही. त्यातील एक वाद शब्दाविषयी आहे. गाडी ‘लुटली’ हे म्हणणे कॅप्टन भाऊंना मान्य नव्हते. इंग्रजांनी जनतेचे लुटलेले धन आम्ही परत आणले, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘लूट’ हा शब्द कोणी कोणाविषयी वापरावा, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने इतिहासाचाच प्रश्न होता. ‘प्रतिसरकार’ या शब्दाचेही असेच आहे. लोकांच्या तोंडी तो ‘पत्री सरकार’ झाला, आणि तळपायांस पत्रे ठोकण्याच्या शिक्षेच्या कथा त्यास येऊन चिकटल्या. तळपायांवर काठीने मारण्याची शिक्षा दिली जाई, यात शंका नाही. पत्रे ठोकण्याची कथा मात्र विरोधकांनी अधिक पसरविली. वर्णविपर्यासाने बदललेल्या एका रूपास लोकव्युत्पत्तीने नवा अर्थ दिला आणि तो अर्थ चळवळीच्या बदनामीस उपयोगी पडला, असे उदाहरण वर्गात शिकविण्यास याहून चांगले मिळणे कठीण.

आता दोषांकडे वळावयास हवे. या चित्रणाचा प्रेक्षक अखिल भारतीय, किंबहुना जागतिक आहे. त्यामुळे पडद्याच्या तळाशी इंग्रजी अनुवाद येतो. ‘कॅप्टन भाऊ’ या नावाचे इंग्रजी रूप मराठीत परत आणले तर ‘कॅप्टन वडील बंधू’ असे होईल. अर्थ चुकलेला नाही, तथापि सगळे काही निसटले आहे. नागनाथअण्णा, जी. डी. बापू, हौसाताई ही चळवळीतील नावे घ्यावीत. नात्याचा शब्द येथे नाते सांगत नाही. तो माणसास गावच्या घरात जागा देतो. ‘कॅप्टन’ हे परकीय सैन्यातील पद आणि ‘भाऊ’ हे घरातील संबोधन यांचा जो जोड कुंडलच्या लोकांनी घातला, त्यातच तुफान सेनेचे स्वरूप सामावलेले आहे.

दुसरी शिफारस हौसाबाई पाटील यांच्या कथनाची. नाना पाटलांच्या या कन्येने भूमिगत चळवळीत केलेली कामे विट्याच्या आपल्या घरी साईनाथांस सांगितली. त्यांतील एक प्रसंग विलक्षण आहे. पोलीस ठाण्यासमोर पतीचे सोंग घेतलेल्या सहकाऱ्याशी भांडणाचे व मार खाण्याचे सोंग करून तिने पोलिसांस बाहेर गुंतविले आणि तेवढ्या वेळात सोबत्यांनी आतील बंदुका पळविल्या. ज्या समाजात नवऱ्याने बायकोस रस्त्यात मारणे इतके परिचित होते की त्याचे सोंगही कोणास सोंग वाटले नाही, त्या समाजाविषयी हा प्रसंग जे सांगतो ते कोणत्याही भाष्याहून बोचक आहे.

या दोन्ही चित्रणांस लागू पडणारा मुद्दा असा. मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असे भिन्न प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम आहे. पहिल्यात श्रोता वगळलेला असतो, दुसऱ्यात तो धरलेला असतो. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द. वृद्ध स्वातंत्र्यसैनिक समोर बसलेल्या तरुणास आपल्या लढ्यात धरतो की वगळतो, हे अनुवादावरून कधीच कळणार नाही. तसेच कोल्हापूर व त्याला लागून असलेल्या सांगली भागात पुष्कळ स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी गेलो’ अशी रूपे वापरतात. इंग्रजी क्रियापदास लिंग नाही. तेव्हा इंग्रजीतून ते कथन मराठीत आणणारा भाषांतरकार सहजच ‘मी आले’, ‘मी गेले’ असे लिहून जाईल. हौसाबाई कोणते रूप वापरतात, हे ऐकूनच ठरवावयाचे. वाचून ते ठरणार नाही. साईनाथांचे लेखन मूळ इंग्रजीत आहे. त्याचे मराठी भाषांतर होते तेव्हा मराठीत उच्चारलेले शब्द इंग्रजीस जाऊन परत आलेले असतात. म्हणून येथे लघुपट हा लेखाचा अलंकार नव्हे. लघुपट हाच मूळ दस्तऐवज होय, आणि लेख हा त्याचा अनुवाद.

याच संग्रहालयात या उणिवेवरचा उपायही आहे. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पॉइतवाँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. हा संग्रह पुढे ‘पारी’वर प्रसिद्ध होऊ लागला, आणि गायिकांना पुन्हा भेटून नवी चित्रणेही झाली. येथे ओवी ऐकू येते, तिचा मराठी पाठ समोर असतो आणि इंग्रजी अनुवाद त्यानंतर येतो. पद्यास जी प्रतिष्ठा मिळाली ती गद्य कथनासही मिळावी, एवढीच अपेक्षा आहे.

तिसरी शिफारस वेगळ्या प्रकारची. पाणी फाउंडेशनने २०१६ साली गावोगावी जलसंधारणाची स्पर्धा आरंभिली. पहिल्या वर्षी कोरेगाव, वरुड व अंबाजोगाई हे तीन तालुके होते आणि प्रथम पारितोषिक कोरेगावातील वेळू या गावास मिळाले. तिच्या प्रशिक्षणाच्या फिती आणि २०१७ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘तुफान आलंया’ या मालिकेचे भाग यूट्यूबवर आहेत. येथे सूत्रधार व संगीत यांचा वावर फार, ग्रामस्थांचे बोलणे थोडे. तथापि शीर्षक पाहावे. ‘आले आहे’ या प्रमाण रूपाच्या जागी ‘आलंया’ हे देशावरील रूप सर्व महाराष्ट्रापुढे निःसंकोचपणे आले. आणि १९४३ च्या सेनेच्या नावातील ‘तुफान’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द श्रमदानासाठीही तितकाच जवळचा वाटला. निवेदनाची भाषा बोलीपुढे नमली, ती निदान शीर्षकापुरती.

या लघुपटांवर दोष ठेवताना एक गोष्ट विसरणे अन्यायाचे होईल. हौसाबाई २०२१ मध्ये आणि कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये गेले. हे चित्रण झाले नसते तर आज ऐकण्यासारखे काही उरलेच नसते. अनुवादामुळेच ते केरळात व बंगालमध्ये पोहोचले. ज्यांनी आवाज टिपला त्यांनी आपले काम केले आहे. राहिलेले काम मराठीच्या विभागांचे आहे, आणि त्यास कॅमेऱ्याची वा अनुदानाची आवश्यकता नाही.

विद्यार्थ्याने हे लघुपट दोनदा पाहावेत. प्रथम सर्वांसारखे, दुसऱ्यांदा पडद्याचा तळ झाकून. जे ऐकू येईल ते जसेच्या तसे, ‘हाय’चे ‘आहे’ न करता, थांबे व पुनरुक्ती यांसह लिहून काढावे. दहा मिनिटांच्या कथनास कित्येक तास लागतील. सातारा-सांगलीकडून आलेल्या विद्यार्थ्यास तेथे असे शब्द भेटतील, जे त्याने आजीच्या तोंडून ऐकले होते आणि उत्तरपत्रिकेत लिहिण्याचे धैर्य त्यास कधी झाले नव्हते. असा पाठ तयार झाला म्हणजे त्या वृद्धांची साक्ष पुरी नोंदली गेली असे म्हणता येईल.