ज्ञान, विज्ञान आणि कसब : प्रतिशब्दांचे एक परीक्षण

इंग्रजीतील 'नॉलेज', 'स्किल' व 'इंटेलिजन्स' या शब्दांना 'ज्ञान', 'कौशल्य' व 'बुद्धिमत्ता' हे मराठी प्रतिशब्द इतके रूढ झाले आहेत की, त्यांच्या योग्यतेविषयी सहसा शंका घेतली जात नाही. मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. त्या कोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकार्यापर्यंत इंग्रजी शब्द आधी व मराठी शब्द मागाहून, हाच क्रम राहिला. म्हणून ज्या मापाने मोजले गेले ते मापच प्रथम तपासणे अगत्याचे आहे.

ते माप स्थिर नाही. 'नो', 'कॅन' व 'कनिंग' हे शब्द एकाच मूळ धातूचे असून संस्कृत 'ज्ञा' धातूही त्याच कुळातला होय. 'कनिंग' म्हणजे मुळात जाणता. पुढे त्याचा अर्थ धूर्त असा झाला. 'स्किल' हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतून आला, तेव्हा त्यात हस्तलाघवापेक्षा विवेकाचा, भेद जाणण्याचा अर्थ प्रमुख होता. 'इंटेलिजन्स' तर बुद्धी आणि गुप्तवार्ता या दोहोंचा वाचक आहे. सारांश, जाणणे व करता येणे यांतील भेद इंग्रजीतही कालांतराने दृढ झालेला आहे.

आपल्याकडील परंपरा याहून उद्बोधक आहे. अमरकोशात मोक्षविषयक बुद्धीला 'ज्ञान' व शिल्प आणि शास्त्र यांविषयीच्या बुद्धीला 'विज्ञान' म्हटले आहे. शिल्प व शास्त्र तेथे एकाच पदाखाली येतात. 'विज्ञान' हा शब्द 'सायन्स'साठी मुक्रर झाल्यावर त्यातून शिल्प गळाले आणि ते 'कौशल्या'च्या वाट्यास आले. गोंदियाजवळील नागरा येथील जुन्या शिवमंदिराचे उदाहरण घेता येईल. त्याचे दगड घडवून बसविणाऱ्या पाथरवटाची जाण अमरसिंहाच्या परिभाषेत विज्ञान ठरते; आजच्या परिभाषेत ती केवळ कौशल्य होय.

'कुशल' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. कुश नावाचे दर्भ हात न कापता तोडणारा, ही त्याची पारंपरिक व्युत्पत्ती. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला; विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त त्यास हरकत घेतली, कारण त्याच्या मते 'निपुण' हाच त्याचा मुख्यार्थ आहे.

तथापि सर्व दोष इंग्रजीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. हाताच्या कामाला खालची पायरी देणारी समाजव्यवस्था इंग्रजी अमलापूर्वीचीच आहे. अरबीतून आलेला 'कसब' हा शब्द मराठीत कारागिराचा गौरव करतो, पण 'कसबीण' म्हणताच त्याचा अधःपात होतो. 'शहाणा' हा शब्दही 'अतिशहाणा त्याचा बैल रिकामा' या म्हणीत उपहासास पात्र ठरतो. प्रतिशब्दांनी हा जुना भेद निर्माण केला नाही. त्याला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. २०१५ पासून कौशल्यविकासाच्या सरकारी योजनांना वेग आला आहे आणि 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. अशा वेळी कोणाची जाण ज्ञानात मोजावयाची व कोणाची कौशल्यात, याचा निर्णय शब्दच नकळत करून टाकतात. 'विज्ञान' शब्दाचा जुना अर्थ पुन्हा रूढ करणे आता शक्य नाही. परंतु 'कसब', 'हातोटी', 'हुन्नर', 'जाण' व 'वाकबगारी' यांतील अर्थच्छटा स्वतंत्रपणे नोंदविल्या पाहिजेत आणि 'स्किल'साठी सर्वत्र एकच प्रतिशब्द योजण्याची सवय सोडली पाहिजे. परिभाषेची एकरूपता शासनव्यवहारास सोयीची असेल. भाषेच्या अभ्यासकाने तिच्यापायी अर्थाचा बळी देता कामा नये.