मत्सर की संशय? : एका आवाहनाचे वाचन

गेल्या मे महिन्यात, आंब्याचा हंगाम संपता संपता, एक संशोधक विद्यार्थिनी मालवण तालुक्यातील आमच्या गावी आली. एक आवाहन आणि त्याला जोडलेली प्रश्नावली, अशा पन्नास प्रती तिने माझ्या स्वाधीन केल्या. त्या बौद्धवाडीत, गाबीतवाड्यात आणि कॉलेजच्या मुलांत वाटाव्यात, अशी तिची विनंती होती. लैंगिक आरोग्य आणि जोडीदारांच्या नात्यातील मत्सर हा तिच्या संशोधनाचा विषय. अठरा वर्षांवरील कोणीही स्वेच्छेने सहभागी व्हावे, नाव गुप्त राहील, पाऊण तास लागेल, मोबदला मिळणार नाही, असे आवाहनात म्हटले होते. मुलगी प्रामाणिक होती. आवाहनाची भाषाही सभ्य होती. तरीही त्या प्रती आठवडाभर माझ्या टेबलावर पडून राहिल्या.

मी भाषेचा शिक्षक. कविता वाचावी तसे मी ते आवाहन वाचले, आणि त्या वाचनाची मीमांसा येथे करावयाची आहे. प्रश्न एका प्रश्नावलीपुरता नाही. आमच्या घरातील दुःख कोणत्या शब्दांत, कोणाच्या पुढाकाराने आणि कोणासाठी बोलले जावे, हा आहे.

प्रथम शब्दाविषयी. मत्सर हा षड्रिपूंपैकी शेवटचा. दुसऱ्याचे बरे झालेले न पाहवणे म्हणजे मत्सर. तो कीर्तनात आणि नीतिकथांत भेटतो. नवरा-बायकोच्या नात्याविषयी बोलताना आमच्या बायका हा शब्द वापरीत नाहीत. त्या म्हणतात, "घोव संशयी आसा." मत्सर ज्याच्या मनात असेल त्याला जाळतो. संशय ज्याच्या मनात आहे तो मोकळा फिरतो आणि जिच्यावर घेतला जातो ती जळते. संशयात एक आरोपी असते, एक न्यायाधीश असतो आणि शिक्षा साक्षीपुराव्यावाचून होते.

प्रश्नावलीत विचारले होते : जोडीदार परक्या व्यक्तीशी बोलल्यास तुम्हांस किती मत्सर वाटतो? एक ते पाच यांपैकी आकडा लिहा. मार खाणारी बाई येथे 'एक' लिहील, कारण मत्सर तिला वाटतच नाही. मारणारा पुरुषही 'एक'च लिहील, कारण तो स्वतःच्या वागण्याला मत्सर म्हणत नाही, अब्रू म्हणतो. अशा उत्तरांची बेरीज केली तर या किनाऱ्यावर सर्वत्र सुख नांदते असा निष्कर्ष निघेल. तो संख्याशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने खोटा असेल.

या भागात संशयाला एक इतिहास आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला, पण मुंबईला माणसे पुरविण्याचे या पट्ट्याचे काम त्याच्या किती तरी आधीपासून चालू आहे. बाप्ये गिरणीत, गोदीत, कुणाच्या घरकामात. बायका गावी शेत, म्हातारी माणसे आणि पोरे सांभाळीत. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. त्यावर जिल्ह्याचे कौतुक होते, पण त्या आकड्यात घराबाहेर गेलेला पुरुषही आहे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा. उरलेले वर्षभर त्याच्या बायकोवर गावाची नजर असायची. भाऊबंदांपैकी कुणी तरी पत्रातून दोन ओळी कळवी आणि येणाऱ्या सुट्टीत त्या दोन ओळींचा जाब तिला द्यावा लागे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली, मुंबई एका रात्रीवर आली. पत्राची जागा मोबाईलने घेतली. आता फोन कुणाशी चालू होता, रात्री कितीपर्यंत जागी होतीस, हे मुंबईत बसून तपासता येते. तपासणीचे साधन बदलले. तपासणारा आणि तपासली जाणारी यांच्या जागा मात्र त्याच राहिल्या. मुंबईत नवरा काय करतो हे बायकोने विचारावे, अशी रीत कधी नव्हती. त्याच्याकडून आलेला आजार मात्र तिच्या अंगावर निघे आणि दोषही तिलाच लागे.

आमच्या वाडीत याला आणखी एक पदर आहे. दलित स्त्री दुसऱ्याच्या बागेत, दुसऱ्याच्या शेतात राबली. तिचे शरीर आपल्याला उपलब्ध आहे, असे मानण्याची मुभा जातिव्यवस्थेने वरच्यांना दिली होती. तिच्या नवऱ्याला हे ठाऊक होते आणि बागवाल्याला जाब विचारण्याची ताकद त्याच्यात नव्हती. जो राग वर जाऊ शकत नव्हता तो घरात आला. बागवाल्याच्या नजरेची शिक्षा बायकोला झाली. म्हणून आमच्या घरातील संशय हा केवळ दोन माणसांच्या मनाचा व्यवहार नाही. त्यात जातीचा हात आहे. त्या प्रश्नावलीत वय, शिक्षण, उत्पन्न यांचे रकाने होते. कोणाच्या जमिनीवर काम करता, हे विचारणारा रकाना नव्हता.

या किनाऱ्याचे ललित साहित्य वासना आणि संशय यांविषयी मुके नाही. वेंगुर्ले तालुक्याने मराठीला चिं. त्र्यं. खानोलकर आणि जयवंत दळवी दिले. खानोलकरांच्या 'चानी'त आणि दळवींच्या 'महानंदा'त गावाची वासना आणि तिचा दांभिकपणा दोन्ही आहेत, आणि दोन्ही कादंबऱ्या मी आदराने शिकविल्या आहेत. पण गावाच्या कडेच्या वाडीत राहणाऱ्या नवरा-बायकोचे नाते या परंपरेत विषय झालेले माझ्या वाचनात आले नाही. ते लिहिणे आमच्याकडेच होते. आम्ही ते केले काय, या प्रश्नाकडे पुढे येतो.

आता 'स्वेच्छेने' या शब्दाविषयी. अमेरिकेत किन्सी यांनी १९४८ आणि १९५३ साली लैंगिक वर्तनावरचे दोन प्रसिद्ध अहवाल काढले. त्यांची भिस्त आपण होऊन पुढे आलेल्या माणसांवर होती. मॅस्लो आणि साकोडा यांनी १९५२ मध्ये दाखविले, की अशा कामासाठी पुढे येणारी माणसे इतरांपेक्षा अधिक आत्मविश्वासाची असतात, म्हणून त्यांच्यावरून सर्वांचे अनुमान काढता येत नाही. आमच्याकडे तर आत्मविश्वासाच्याही आधी एक रिकामी खोली लागते. चाळीस घरांच्या वाडीत कोण बाई पाऊण तास कुणाकडे बसली होती, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. कागदावर नाव न लिहिल्याने ते गुप्त राहत नाही. मी आवाहन वाचून दाखविले तेव्हा एका वयस्कर बाईने पहिला प्रश्न केला, "हो कागद माझ्या घोवाक दाखवतलास काय?" संमतीविषयीच्या अनेक परिसंवादांचे सार मला त्या प्रश्नात मिळाले.

आणि दुसऱ्याच्या हातात दिलेल्या 'स्वेच्छे'चे काय होते, याचा दाखलाही आहे. अमेरिकेतील टस्कगी येथे १९३२ पासून सुमारे सहाशे गरीब काळ्या पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालला होता. त्यांपैकी ३९९ जणांना तो रोग होता. तुमचे रक्त बिघडले आहे, आम्ही उपचार करतो, असे त्यांना सांगितले गेले. पेनिसिलिन हा त्या रोगावरचा सर्वमान्य उपचार ठरल्यावरही त्यांना ते दिले नाही. रोग कसा वाढतो, एवढेच पाहणाऱ्यांना पाहावयाचे होते. हे १९७२ साली उघडकीस आले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या काळ्या माणसांनीही होकार दिलाच होता. कशाला, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

एवढे सांगितल्यावर काही तरुण कार्यकर्ते म्हणतील, मग ही प्रश्नावली परत करा. आमची अब्रू चव्हाट्यावर कशाला? मला हे मान्य नाही. नकार हे आमच्या साहित्याचे मोठे मूल्य आहे, पण प्रत्येक झाकपाक म्हणजे नकार नव्हे.

या बाबतीत आमची परंपरा झाकण्याची नाहीच. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढीत होते. वाचक लैंगिक विषयांवर पत्रे पाठवीत आणि कर्वे उत्तरे देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, ही भूमिका बाबासाहेबांनी न्यायालयात मांडली. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात आणला, तोही फेटाळला गेला. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांना सांगितले, की पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये. घरातल्या नात्याचा प्रश्न चळवळीबाहेरचा आहे, असे मानणाऱ्यांनी ही तीन वर्षे आठवावीत.

'समाजस्वास्थ्य'मधील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेथे प्रश्न वाचकाचा होता आणि उत्तर देण्याची जबाबदारी जाणकाराची होती. आजच्या प्रश्नावलीत हे उलटे झाले आहे. विचारणार जाणकार, उत्तर देणार सामान्य माणूस, आणि उत्तर घेऊन गेलेला जाणकार परत येईलच असे नाही.

संशोधनाने काय साधू शकते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग होते. एकेकीला सरासरी ३.६ रोग होते. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढीच समजूत होती. अंगावरून पांढरे जाते, कंबर मोडते, हे बायकांचे बोलणे किरकोळ मानले जाई. त्या आकड्यांनी ते जगापुढे गंभीर ठरविले. पुढे 'कानोसा' या पुस्तकात राणी बंग यांनी बायकांचे स्वतःचे शब्द आणि समजुती नोंदविल्या. आधी कान देणे आणि मग मोजणे, हा क्रम मला शिकण्यासारखा वाटतो.

आता आमच्या लेखनाकडे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने. महारवाड्यातील सुनांचा छळ, नाक कापण्यापर्यंत गेलेले क्रौर्य त्यांनी निर्भयपणे लिहिले. पण ते वाड्याचे दुःख होते. स्वतःच्या नवऱ्याचा संशय आणि मार त्यांनी पुस्तकात लिहिला नाही. पुस्तकाच्या २००८ च्या इंग्रजी अनुवादासोबत माया पंडित यांनी घेतलेली मुलाखत आहे, तीत त्या याविषयी बोलल्या. लिहिलेले कागद त्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. केवढी मोठी गोष्ट ही : समाजाविषयी एवढे धीटपणे लिहिणारी बाई घरच्या संशयाविषयी गप्प राहिली. अनुवादाच्या निमित्ताने दुसऱ्या एका बाईने समोर बसून विचारले, तेव्हा ते बाहेर आले. रत्नागिरीच्या मातीतून आलेल्या उर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये, २००३ साली, संसारातील शारीरिक आणि मानसिक ताण उघडपणे लिहिला. या दोन पुस्तकांमधील अंतर हे आमच्या वाङ्मयाने पुढे टाकलेले पाऊल आहे. ते स्त्रियांनी टाकले. आम्ही पुरुषांनी उपासमार लिहिली, अपमान लिहिला, शहर लिहिले. आपण घेतलेला संशय आम्ही फारसा लिहिला नाही.

येथे मला माझे सांगितले पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी बुद्धविहारातील बैठक संपल्यावर वाडीतील एक बाई मागे थांबली. म्हणाली, "गुरुजी, तुमी ह्यांका काय तरी सांगा. बैठकीक इलंय काय घराक जाऊन मार खावचो लागता." तिचा नवरा आमचा चांगला कार्यकर्ता होता. मी तिला म्हणालो, घरातली गोष्ट आहे, जरा सबुरीने घ्या, बाहेर गेली तर चळवळीची बदनामी होईल. त्यानंतर ती बैठकीला आली नाही. आम्ही वर्षाच्या अहवालात 'महिलांचा सहभाग समाधानकारक नाही' असे लिहिले. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे.

म्हणून या संशोधनात सहभागी व्हावे, असेच माझे मत आहे. पण काही गोष्टी मागून घ्याव्यात. प्रश्न आधी बायकांच्या बोलीत ऐकावेत, मग छापावेत. आजाराविषयी विचारणाऱ्याने तपासणी कुठे होईल, औषध कोण देईल, बाई डॉक्टर असेल काय, हे पहिल्या पानावर लिहावे. बाईशी बोलायची जागा वाडीने नव्हे, त्या बाईने ठरवावी. उत्तर देणारीला उलट प्रश्न विचारण्याचा आणि मध्येच उठून जाण्याचा हक्क असावा. निष्कर्ष मराठीत वाडीत येऊन सांगितले जावेत. आणि संशयाची चौकशी बायकांपासून नव्हे, पुरुषांपासून सुरू व्हावी, त्यातही आम्हा कार्यकर्त्यांपासून. हे सर्व मी त्या विद्यार्थिनीला कळविले आहे. तिने काही मान्य केले, काही तिच्या हातात नव्हते.

वाडीतील बायका पुढे काय ठरवितात ते त्या ठरवतील. त्या पन्नास प्रतींपैकी पहिली मी भरली. 'मत्सर' खोडून 'संशय' लिहिले, आणि विहारातील त्या संध्याकाळची हकीकत लिहिली. छापील कागदावर तिला जागा नव्हती. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहावी लागली.