माप कोणाचे?

आमच्या वाशीमला माझ्या शेजारी राहणाऱ्या वहिनी ब्लाऊज शिवतात. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडे कापडांचा असा ढीग पडतो की ओट्यावर बसावयास जागा उरत नाही. गेल्या वर्षी मात्र त्यांचे मशीन कित्येक महिने झाकून ठेवलेले होते. गाठ निघाली, ती कर्करोगाची ठरली आणि त्यांचा डावा स्तन काढावा लागला. पुढे किरणांचे उपचारही झाले. यंदा पावसाळ्यात त्या एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तं एवढं वाचून सांगा. ध्येय म्हंजे काय व?"

स्त्रीने आपल्या शरीराला आणि आपल्या ध्येयाला शोभेल असे कृत्रिम स्तन कसे निवडावेत, हे त्या पुस्तिकेत सांगितले होते. आत गोल, थेंबाच्या आकाराचे, कमी उठावाचे, अधिक उठावाचे असे प्रकार चित्रांसह दिले होते. मी आजवर परीक्षणे केली ती कवितांची आणि कादंबऱ्यांची. असल्या पुस्तिकेचे करीन असे कधी मनातही आले नव्हते. पण वाचता वाचता ध्यानात आले की ही पुस्तिका एका फार जुन्या वाङ्मयाची धाकटी बहीण आहे, आणि त्या वाङ्मयाशी आम्हा वाशीमकरांचा निकटचा संबंध आहे.

दिवाळी अंक घरातल्या थोरामोठ्यांच्या हाती जातो हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हे येथे लिहीत आहे. आपल्या घरांत या अवयवाला बोलण्याजोगा शब्दच नाही. मूल 'अंगावर पिते', दुखते ते 'छातीत', आणि खेड्यात 'थान' म्हटले की शिकलेली सून मान खाली घालते. वहिनींनी गाठ चार महिने कोणाला सांगितली नाही, त्याचे एक कारण भीती हे होते आणि दुसरे, ती कोणत्या शब्दांत सांगावी हे त्यांना कळेना. उलट काव्यात पाहावे तर शब्दांची नुसती रेलचेल! सोन्याचे कलश, हत्तीचे गंडस्थळ, बेलफळे, चक्रवाकांची जोडी. कवींनी शतकानुशतके हीच उपमाने फिरवून फिरवून वापरली. ती सारी वहिनींना वाचून दाखवली तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "इतकी वर्षं टेप लावून राहिली मी, पण दोन्ही बाजू सारख्या असलेली बाई काही दिसली नाही," असे त्या म्हणाल्या. शरीरशास्त्रही तेच सांगते. दोन बाजूंत थोडाफार फरक असणे हाच नियम आहे. उपमानांच्या राज्यात मात्र सारे भरलेले, कठीण आणि जुळे. चार मुलांना पाजलेल्या बाईला तेथे उपमा नाही, साठीच्या बाईला नाही, आणि वहिनींना तर नाहीच नाही.

याचे कारण कवींचे अज्ञान नव्हे. ते माप पाहणाराच्या डोळ्याने घेतलेले आहे, एवढेच. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त याच गावाला मोठा मान दिला आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाला वश करण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्यामागे देशोदेशी गेली. प्रत्येक देशात तिने वेष बदलला, नृत्य बदलले. त्या त्या देशच्या स्त्रियांनी तिचा वेष उचलला. अखेर तो पुरता वश झाला आणि दोघांचा विवाह लागला तो विदर्भातील वत्सगुल्म नगरीत. आम्ही ही कथा अभिमानाने सांगतो. वर्गात मीही सांगत आले. पण वहिनी गेल्यावर मी ती पुन्हा वाचली आणि प्रथमच एक प्रश्न पडला. एवढी विद्यावती वधू, तिला स्वतःला कोणता वेष आवडत होता? राजशेखराने ते विचारलेले नाही. माप त्याच्या प्रसन्नतेचे, आणि इतर स्त्रियांनी ते उचलले.

कालिदास या बाबतीत एक पाऊल पुढे आहे, आणि त्याचा मोठेपणा येथे आहे असे मला वाटते. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात त्याने पार्वतीचे वर्णन रूढ मापानेच केले आहे. दोन स्तनांच्या मध्ये कमळाचा तंतूदेखील मावणार नाही, असे तो म्हणतो. पुढे मदन जळून जातो, शंकर निघून जातो, आणि पाचव्या सर्गाच्या आरंभी ती पार्वती मनोमन आपल्या रूपालाच दोष देते. कवीने इतक्या श्लोकांत रचलेले रूप तिच्या कामी आले नाही! मग ती स्वतः निश्चय करते. आई मेना अडवते, तरी ती तपाला जाते. पुस्तिकेतला 'ध्येय' हा शब्द येथे खऱ्या अर्थाने लागू पडतो, कारण तो तिचा आहे. कवीची सवय मात्र सुटलेली नाही. त्याच सर्गात पावसाचा पहिला थेंब तिच्या पापणीवरून ओठावर, तेथून छातीवर आणि पुढे नाभीपर्यंत कसा जातो हे तो रंगून सांगतो. ती तप करीत आहे, हा थेंब पाहत आहे. एकाच सर्गात दोन डोळे आहेत, आणि वाचकाने ते वेगळे ओळखावेत हेच तर समीक्षेचे काम.

हे केवळ संस्कृतापुरते नाही. आपल्या आजी-पणजींच्या काळी मराठी घरांत नेसण्याची, केस बांधण्याची आणि दागिन्यांची तऱ्हा ठरवली ती बालगंधर्वांनी. नारायण श्रीपाद राजहंस (1888–1967) हे पुरुष. त्यांची सिंधू, त्यांची भामिनी पाहून कुलीन स्त्रिया तसे नेसू लागल्या. त्यांच्या गाण्याला माझे शतशः प्रणाम आहेत. पण स्त्रीने कसे दिसावे याचा धडा एका पुरुषाने रंगवलेल्या स्त्रीवरून घेतला गेला, ही गोष्ट जितकी गोड तितकीच विचार करावयास लावणारी आहे. तो धडा पदरापुरता होता, घरी आल्यावर सोडता येत होता. पुढच्या काळात तो त्वचेच्या आत गेला.

सिलिकोनचे पहिले कृत्रिम स्तन 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे बसवण्यात आले. टिमी जीन लिंड्सी ही बाई रुग्णालयात गेली होती ती छातीवरचे गोंदण काढून घेण्यासाठी. डॉक्टरांनी तिला हा नवा प्रयोग सुचवला. तिने पुढे स्वतःच सांगितले आहे की तिला त्यापेक्षा आपले पुढे आलेले कान नीट करून हवे होते. अखेर दोन्ही झाले. या साऱ्या विद्येच्या पहिल्याच पानावर एका बाईचे ध्येय कान हे होते, आणि माप घेतले गेले छातीचे!

आता पुस्तिकेकडे वळू. तिचा दोष खोटेपणाचा नाही, शैलीचा आहे. तिची सारी विशेषणे पाहणाराची आहेत: सुडौल, आकर्षक, तारुण्यपूर्ण. जी बाई ते अंगात वागवणार तिच्या उपयोगाची क्रियापदे तीत फार थोडी. म्हणून मी ती टाचणे वहिनींसाठी समासात लिहिली. आवरण सिलिकोनचे असते. आत सिलिकोनचा जेल किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी. पाण्याचे फुटले तर लगेच बसते आणि कळते. जेलचे फुटलेले वर्षानुवर्षे कळत नाही, त्यासाठी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी लागते. माप सीसीमध्ये सांगतात, परंतु तेच तीनशे सीसी रुंद छातीवर वेगळे आणि अरुंद छातीवर वेगळे दिसते. म्हणून छातीची रुंदी आणि त्वचेची जाडी आधी पाहावी लागते. शरीर त्याभोवती स्वतःचे एक आवरण विणते, आणि काही जणींत ते आवळून दुखू लागते. किरणोपचार झालेल्या ठिकाणी हा त्रास अधिक, म्हणून तेथे पोटाच्या किंवा पाठीच्या स्वतःच्या मांसाने घडवण्याचा मार्गही विचारात घेतात. आणि हे जन्मभराचे लेणे नव्हे. पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. खडबडीत पृष्ठभागाच्या काही रोपणांशी एका विरळ कर्करोगाचा संबंध दिसून आला, आणि 2019 साली त्यांतला एक प्रकार जगभरच्या बाजारातून परत घेतला गेला.

या विषयावरचे उत्तम गद्य मला भेटले ते अनपेक्षित जागी. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने 2021 साली असा दंडक घातला की रोपण करण्यापूर्वी धोक्यांची एक यादी त्या स्त्रीने वाचावी आणि आपली सही करावी. त्या यादीत एकही उपमा नाही. तिच्यात वाक्ये साधी, आणि कर्ता ती स्त्री. अलंकारशास्त्राच्या दृष्टीने हे लेखन अगदीच कोरडे. पण त्यात बाईला कोणी पाहत नाही, बाईशी कोणी बोलते आहे. एवढ्या एका गुणासाठी मी त्याला कित्येक नायिकावर्णनांच्या वर ठेवीन.

मग मी वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, "ध्येय म्हणजे तुम्हाला काय करायचं आहे ते." त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, "मले मशीनवर बसायचं हाये. खांदा दुखू नये, आन् वाकलं की ब्लाऊज एका बाजूनं लोंबू नये." वजनाचा अंदाज यावा म्हणून पातळ कापडाच्या पिशवीत तांदूळ भरून पाहण्याची एक घरगुती रीत आहे, ती मी सांगितली. वहिनींनी ती शिंपिणीच्या हाताने सुधारली. कटोरी ब्लाऊजच्या आत अस्तराचा कप्पा केला, त्यात कापसाची गादी आणि वजनापुरती मोहरी. आरशासमोर उभ्या राहिल्या, टक्स उसवले, पुन्हा घातले. मग डॉक्टरांकडे जाऊन म्हणाल्या, सध्या हेच बरे आहे, पुढे वाटले तर पोटाच्या मांसाचे विचारू.

यावरून कोणी असा बोध घेऊ नये की मोहरी श्रेष्ठ आणि सिलिकोन कनिष्ठ. दुसऱ्या एखादीला आंघोळीच्या वेळी आपले अंग पूर्वीसारखे दिसावे असे वाटेल, तिसरीला हौसच असेल. हौस हेही ध्येय आहे, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार काव्यातील कलशांवर माना डोलावणाऱ्या आम्हा रसिकांना तर मुळीच नाही. प्रश्न एवढाच की टेपचे टोक कोणाच्या बोटात आहे.

या दिवाळीला वहिनींचे मशीन पुन्हा रात्री उशिरापर्यंत चालू आहे. माझ्या दोन ब्लाऊजांची मापे त्यांनी परवाच नव्याने घेतली. जुनी मापे वहीत होती, पण त्या म्हणाल्या, "वही राहू द्या बाई. अंग बदलतं."