आवाज, चरित्र आणि संहिता : ज्यूडी गार्लंडच्या निवडक कलाकृतींचा विचार

१

एखाद्या कलावंताच्या महत्त्वाच्या कलाकृतींची यादी करणे ही वरकरणी निरुपद्रवी कृती वाटते. प्रत्यक्षात अशा प्रत्येक यादीमागे एक समीक्षादृष्टी गृहीत असते. हॉलिवुडची गायिका-अभिनेत्री ज्यूडी गार्लंड (१९२२–१९६९) हिच्या संदर्भात ही दृष्टी बहुतेक वेळा चरित्रात्मक राहिली आहे. वयाच्या तिसऱ्या वर्षाआधीच रंगमंचावर आलेली मुलगी, १९३५ मध्ये एमजीएम स्टुडिओशी झालेला करार, गोळ्यांचे व्यसन, १९५० मध्ये स्टुडिओशी तुटलेले संबंध, पुनरागमने आणि लंडनमधील अकाली मृत्यू असा एक कथापट आधी तयार असतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका त्या कथापटात पुराव्यादाखल ठेवल्या जातात. त्यामुळे तिचे गाणे हे तिच्या दुःखाचे थेट निवेदन ठरते आणि ऐकणारा साक्षीदाराच्या भूमिकेत जातो.

या वाचनात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मात्र त्याची किंमत मोठी आहे. आवाज हा वेदनेचा आपोआप झालेला उद्गार मानला, की त्यामागील शिस्त, निवड आणि श्रम अदृश्य होतात. पुरुष गायकाच्या बाबतीत शब्दफेक, श्वासाचे नियोजन, लयीशी केलेला खेळ यांची चर्चा सहज होते. स्त्रीच्या बाबतीत तिच्या जखमांची होते. म्हणून गार्लंडच्या कलाकृतींची निवड करताना निकष बदलावयास हवा. ज्या कृतींमध्ये गाणे, गाणारी व्यक्ती आणि ऐकणारा यांचे परस्परसंबंध नव्याने घडतात, त्या महत्त्वाच्या मानाव्यात. या निकषावर प्रामुख्याने चार कृती उभ्या राहतात.

२

पहिली कृती 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९). हॅरॉल्ड आर्लेनचे संगीत आणि ई. वाय. हारबर्गचे शब्द असलेले 'ओव्हर द रेनबो' हे गीत पूर्वप्रदर्शनानंतर चित्रपटातून वगळण्याच्या बेतात होते. कथेची गती ते रोखते, हा एक आक्षेप होता. स्टुडिओची नायिका शेतावरच्या अंगणात गाते हे शोभत नाही, हा दुसरा. हे आक्षेप अर्थपूर्ण आहेत. गीत खरोखरच कथा थांबवते आणि ज्या रुक्ष, तपकिरी छटेतील कॅन्ससमध्ये ते गायले जाते, तेथे त्याला श्रोताच नाही. डोरोथीजवळ तिचा कुत्रा तेवढा आहे.

चालीची रचना या एकाकीपणाला अनुरूप आहे. पहिल्याच शब्दात स्वर एका सप्तकाची झेप घेतो आणि पुढे हळूहळू खाली उतरत येतो; मधल्या भागात चाल जवळच्या दोन स्वरांमध्ये, लहान मुलाने पियानोवर बोटे फिरवावीत तशी झुलत राहते. अशी झेप म्हणजे गायकाला आवाज दाखविण्याचे आमंत्रणच. ध्वनिमुद्रणाच्या वेळी सोळा वर्षांची असलेली गार्लंड ते नाकारते. झेपेचा वरचा स्वर ती मोठा करीत नाही, बोलण्याच्या पातळीवरच ठेवते. आकांक्षा आणि ती व्यक्त करण्यातील संकोच यांचा ताण यातून निर्माण होतो. बा. सी. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे चाल आणि उच्चार यांच्यात विरोधलय आहे. हा परिणाम पुढील आयुष्यातील कोणत्याही दुःखावर अवलंबून नाही. ते दुःख अद्याप घडावयाचे होते.

३

'मीट मी इन सेंट लुइस' (१९४४) या व्हिन्सेंट मिनेलीदिग्दर्शित चित्रपटात प्रश्न अधिक व्यामिश्र होतो. १९०३ सालच्या एका सुखवस्तू कुटुंबाला वडिलांच्या नोकरीमुळे न्यूयॉर्कला जावे लागणार आहे. नाताळच्या आदल्या रात्री एस्थर (गार्लंड) खिडकीशी बसलेल्या धाकट्या बहिणीचे, टूटीचे, सांत्वन करण्यासाठी ह्यू मार्टिन आणि राल्फ ब्लेन यांच्या नावे असलेले 'हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस' हे गीत गाते.

या गीताच्या संहितेचा इतिहास बोलका आहे. मूळ शब्द फारच उदास आहेत, लहान मुलीपुढे ते गाणे क्रूर वाटेल, अशा हरकतीमुळे मार्टिनने ते चित्रीकरणापूर्वी बदलले. फ्रँक सिनात्राच्या १९५७ च्या ध्वनिमुद्रणासाठी एक ओळ पुन्हा बदलून अधिक आनंदी करण्यात आली. म्हणजे शब्दांतून उदासी टप्प्याटप्प्याने काढून टाकली गेली. चित्रपटातील गायनात मात्र ती शिल्लक आहे. शब्द धीर देतात आणि आवाज त्या धीरावर विश्वास ठेवीत नाही.

या विसंगतीचा पुरावा चित्रपटाच्या आतच आहे. गीत संपताच टूटी रडत बाहेर धावते आणि बर्फाच्या बाहुल्या फोडून टाकते. सांत्वनासाठी गायलेले गीत सांत्वन करीत नाही, कारण मुलीने शब्द ऐकलेले नाहीत, आवाज ऐकलेला आहे. हा उद्रेक खिडकीतून पाहणारे वडील न्यूयॉर्कचा बेत रद्द करतात. गीत कथेला थांबवते की पुढे नेते, या संगीतिकांच्या समीक्षेतील जुन्या वादाला येथे वेगळे उत्तर मिळते : कथेला वळण देते ती शब्द आणि उच्चार यांच्यामधील फट.

एमजीएमच्या पद्धतीनुसार गीत आधी ध्वनिमुद्रित होई आणि सेटवर त्या मुद्रणाला ओठ जुळवले जात. भारतीय प्रेक्षकाला परिचित असलेल्या पार्श्वगायनात आवाज एकाचा आणि देह दुसऱ्याचा असतो. गार्लंडच्या बाबतीत दोन्ही तिचेच, तरी ते दोन वेगळ्या क्षणांतील आहेत. पडद्यावर उत्स्फूर्त भासणारी भावना अशा रीतीने दोनदा घडवलेली असते. 'कबुली' म्हणून ऐकल्या जाणाऱ्या आवाजाची ही भौतिक बाजू चरित्रात्मक वाचनाला दिसत नाही.

४

जॉर्ज क्यूकरदिग्दर्शित 'अ स्टार इज बॉर्न' (१९५४) हा या सर्व प्रश्नांचा केंद्रबिंदू होय. आर्लेन आणि आयरा गर्श्विन यांचे 'द मॅन दॅट गॉट अवे' हे गीत एस्थर ब्लॉजेट बंद झालेल्या क्लबात, केवळ वादक सहकाऱ्यांसमवेत गाते. ते जवळजवळ एका अखंड दृश्यखंडात चित्रित झाले आहे. छेद नसल्यामुळे गायिका वादकांमध्ये कशी वावरते, कोणाकडे वळते, हे सलगपणे दिसते. गीताचा विषय विरह असला, तरी चित्रपटाच्या या टप्प्यावर एस्थरने अद्याप कोणालाही गमावलेले नाही. जे दुःख ती गाते ते तिचे नाही. अभिनवगुप्तांनी नटाला रसाचे स्थान न मानता 'पात्र' मानले. पेल्याने मद्याची चव घ्यावयाची नसते. या दृश्याला ही भूमिका नेमकी लागू पडते.

चित्रपटाच्या संहितेचे पुढे जे झाले, ते समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मूळ १८१ मिनिटांचा चित्रपट स्टुडिओने प्रदर्शनानंतर सुमारे १५४ मिनिटांवर आणला. वगळलेल्या भागांत 'लूज दॅट लाँग फेस' हे गीत होते. मूळ योजनेत एस्थर पोऱ्याच्या वेषात, चेहऱ्यावर रंगवलेले ठिपके घेऊन हे हसरे गीत चित्रित करते. मधल्या वेळात रंगपटात पतीच्या व्यसनाविषयी बोलताना कोसळते. आणि लगेच परत जाऊन त्याच हसऱ्या मुद्रेने गीत पूर्ण करते. कापलेल्या आवृत्तीत गीत गेले, रंगपटातील दृश्य तेवढे उरले. परिणामी श्रमाविषयीचा एक प्रसंग दुःखाविषयीचा प्रसंग झाला. चरित्रात्मक वाचन जे पुढे समीक्षेत करीत राहिले, ते स्टुडिओने कात्रीने आधीच केले होते असे म्हणावयास हरकत नाही.

१९८३ मध्ये रोनाल्ड हेव्हर यांनी १७६ मिनिटांची पुनर्रचित आवृत्ती सिद्ध केली. हे गीत तीत परत आले. काही प्रसंगांचे चलच्चित्र न मिळाल्याने मूळ ध्वनिपट्टीवर स्थिरचित्रे योजण्यात आली. तेथे आवाज पुढे जातो आणि चेहरा थांबलेला असतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही खंडित हस्तलिखितासारखी अवस्था परिचित वाटेल. अभ्यासासाठी हीच आवृत्ती ग्राह्य धरावी, कारण ती आपली त्रुटी लपवीत नाही आणि आवाज व प्रतिमा यांची जोड ही मुळात रचना आहे, हे उघड करते.

५

'ज्यूडी ॲट कार्नेगी हॉल' हे २३ एप्रिल १९६१ च्या मैफलीचे दुहेरी ध्वनिमुद्रण बिलबोर्डच्या यादीत १३ आठवडे अग्रस्थानी राहिले आणि वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार त्याला मिळाला. येथे श्रोता संहितेचाच भाग आहे. टाळ्या, हाका, गीतांमधील गप्पा हे सर्व मुद्रित आहे. 'यू गो टु माय हेड' गाताना ती शब्द विसरते आणि लयीचा धागा न सोडता नवे शब्द रचून पुढे जाते. व्यक्तीची दुर्बलता म्हणून ऐकता येणारा हा क्षण लयज्ञानाचे प्रात्यक्षिक म्हणूनही ऐकता येतो. दुसरे ऐकणे अधिक अवघड आणि अधिक न्याय्य आहे.

'ओव्हर द रेनबो' येथे ३८ वर्षांची स्त्री गाते. चाल तीच, पण १९३९ चे गायन श्रोत्यांना पाठ आहे आणि दोन गायनांमधील अंतर हाच आता आशय होतो. चरित्र येथे प्रवेश करते हे नाकारता येत नाही. मात्र ते गायिकेच्या अंतरंगातून येत नाही, श्रोत्यांच्या स्मृतीतून येते. रिचर्ड डायर यांनी 'हेवन्ली बॉडीज' (१९८६) या ग्रंथात समलिंगी पुरुषांनी गार्लंडच्या प्रतिमेतून कोणते अर्थ घडवले, याची मांडणी केली आहे. तिचे महत्त्व हेच, की ती अर्थाचे उगमस्थान गायिकेच्या मनातून श्रोत्यांच्या सामाजिक अनुभवाकडे हलवते. २००६ मध्ये रूफस वेनराइट याने हीच मैफल, त्याच सभागृहात, गीत-गीत पुन्हा सादर केली. जे केवळ एका आयुष्याचा उद्गार असते, त्याचे असे पुनःसादरीकरण संभवत नाही.

६

रोलाँ बार्त यांनी १९७२ च्या निबंधात मांडलेली 'आवाजाचा पोत' ही कल्पना गार्लंडसंदर्भात सोयीस्करपणे वापरता येईल. पण त्यात एक धोका आहे. बार्तना अभिप्रेत असलेला पोत म्हणजे भावनेची अभिव्यक्ती नव्हे. गाणाऱ्या देहाची, जिभेची, श्वासाची भौतिकता म्हणजे तो पोत. त्याला वेदनेचा समानार्थी शब्द केले, की चरित्रच मागच्या दाराने परत येते. 'समर स्टॉक' (१९५०) मधील 'गेट हॅपी' हे याचे ठळक उदाहरण आहे. इतर चित्रीकरणानंतर काही काळाने टिपलेल्या या गीतात गार्लंड लक्षणीयरीत्या सडपातळ दिसते. चर्चा तिच्या वजनाची होते. ठेक्याच्या किंचित मागे राहून तो पकडण्याची तिची हातोटी दुर्लक्षित राहते. याउलट 'द क्लॉक' (१९४५) मध्ये ती गातच नाही. तेथील संवादांतील विरामांचे भान पाहिले, की तिचे गाणे आणि तिचा अभिनय एकाच उच्चारशिस्तीतून आले आहेत, हे ध्यानात येते.

याचा अर्थ कलाकृतीची निखळ स्वायत्तता मान्य करून तिचे आयुष्य बाजूला सारावे, असा नव्हे. स्टुडिओव्यवस्थेने एका किशोरवयीन मुलीकडून जे काम ज्या रीतीने करून घेतले, ते तिच्या कलेच्या उत्पादनाचेच वास्तव आहे. परंतु ते वास्तव श्रमाचे म्हणून वाचले पाहिजे. रंगपटात कोसळून पुन्हा कॅमेऱ्यासमोर हसत उभी राहणारी एस्थर हे त्याचे सर्वांत अचूक रूप. तिचे अश्रू खरे असतील, पण ज्याला कला म्हणावयाचे ते त्यानंतरच्या हसण्यात आहे. १९५४ साली कापला गेला तो नेमका हाच भाग, आणि समीक्षेने परत मिळवावयाचा तोही हाच.