स्मृतिमैफल : रचना आणि प्रतिमा

फ्रँक झॅपा (१९४०–१९९३) या अमेरिकन प्रयोगशील रॉक-संगीतकाराच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलींनी एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला आहे. दिवंगत कलावंताचे नेमके काय पुन्हा उभे करावयाचे : त्याची रचना, की त्याची मूर्ती?

झॅपाचे पुत्र ड्वीझिल यांनी २००६ पासून वडिलांच्या रचना रंगमंचावर आणल्या. 'द ब्लॅक पेज'सारखी लयदृष्ट्या अत्यंत बिकट रचनाही स्वरलेखनबद्ध असल्यामुळे कठोर तालमीनंतर नव्या वादकांच्या हाती सजीव होऊ शकते. २०१९ च्या दौऱ्यात मात्र झॅपाच्या जुन्या साथीदारांच्या मध्यभागी त्याची प्रकाशनिर्मित प्रतिमा उभी होती. तिचे गायन-वादन १९७४ च्या ध्वनिमुद्रणातील होते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. झॅपा हातांच्या खुणांनी वृंदाला ऐन वेळी वेगळे वळण देत असे. त्याचे स्वतंत्र गिटारवादनही तत्क्षणी स्फुरलेले असे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर बंदिश लिहिलेली, उपज मात्र त्या क्षणाची. प्रतिमेला ऐकू येत नाही. साथीदाराने अनपेक्षित काही वाजविले तरी ती उत्तर देणार नाही. साथीदारांनीच तिच्यामागून जावयाचे. नेतृत्व दिसते, संवाद लोपतो.

ज्यांनी झॅपाला प्रत्यक्ष पाहिले नाही, त्या श्रोत्यांना या दर्शनाने भरून येणे स्वाभाविक आहे. तथापि दर्शन म्हणजे श्रवण नव्हे. जेथे वादकाला चुकण्याची मोकळीक आहे, तेथेच झॅपाचे खरे स्मरण घडते, असे म्हणावेसे वाटते.