विजेत्याच्या पेटीतील इतिहास : महजर, निवाडपत्रे आणि जालन्याची पेठ

प्रस्तावना :
सभासदाच्या बखरीत जालनापूर येते ते लुटीच्या निमित्ताने. १६७९ मधील या स्वारीची नोंद शिवकालावरील बहुतेक ग्रंथ घेतात. परंतु ज्या देण्याघेण्यातून ही पेठ संपन्न झाली, त्यातील तंटे कसे मिटत असत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर महजर व निवाडपत्रे यांत शोधावे लागते. म्हणून या साधनांच्या वाचनाची चिकित्सा आवश्यक ठरते.

गुणे यांचे विवेचन व त्याची मर्यादा :
वि. त्र्यं. गुणे यांचा ‘द ज्युडिशिअल सिस्टिम ऑफ द मराठाज’ (१९५३) हा या क्षेत्रातील पायाभूत ग्रंथ होय. अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरीरी, राजीनामे, जामीन, साक्षीपुरावा, प्रसंगी दिव्य आणि अखेरीस निवाडा, हा न्यायाचा क्रम अस्सल कागदांच्या आधारे त्यात स्पष्ट होतो. गोतसभेत पाटील-कुलकर्ण्यांबरोबर पेठेचे शेटे-महाजनही बसत. महजरावर कुणब्याच्या नांगराशेजारी वाण्याची तागडी उमटे.

तथापि ग्रंथाचा रोख न्यायसंस्थेच्या रचनेवर आहे. कागद कोणाच्या घरी राहिला, हा प्रश्न त्यात मागे पडतो. तंटा हरणाऱ्याने येजितखत लिहून जिंकणाऱ्याच्या हाती द्यावे, अशी रीत होती. म्हणजे पराभूताची कबुलीसुद्धा विजेत्याच्या पेटीत जाई. शिवाय वतनाचा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडे, म्हणून तो जपला गेला. कर्ज फिटताच खताचे प्रयोजन संपे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून साधने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा घराण्यांच्या दप्तरांतून वतनाचेच कागद विपुल हाती यावेत, हे स्वाभाविक होते. मध्ययुगीन मराठी समाज केवळ वतनासाठी भांडत होता, हा रूढ समज काही अंशी या जतनाचा परिणाम आहे.

बाल्कन प्रदेशाशी तुलना :
एड्रियाटिक किनाऱ्यावरील दुब्रोव्हनिक या व्यापारी नगराची स्थिती वेगळी होती. बोस्नियाच्या कुलिन बानाने ११८९ मध्ये तेथील व्यापाऱ्यांना मुक्त संचाराचे अभयपत्र दिले. १२७८ पासून नगराच्या लेखनिकांनी व्यवहारांच्या नोंदी क्रमाने ठेवल्या. सर्बियाच्या दुशान राजाच्या चौदाव्या शतकातील कायद्यात, परकीय व्यापाऱ्यांच्या तंट्यात निम्मे पंच त्यांच्यापैकी असावेत, अशी तरतूद होती. तेथे नोंद पक्षकाराच्या घरी नव्हे, तर नगराच्या दप्तरात राहिली. त्यामुळे किरकोळ ऋणकोही इतिहासात टिकला. न्यायबुद्धी दोन्हीकडे होती; फरक दप्तर कोणी सांभाळले याचा आहे.

निष्कर्ष :
जालन्याबाबत अडचण दुहेरी आहे. १७१९ मध्ये मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि या मुलखात दुहेरी अंमल सुरू झाला. पुढे १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात राहिले. परिणामी फार्सी कागद हैदराबादेस, पेशवे दप्तर पुण्यास आणि उरलेले मोडी कागद घरोघरी, अशी विभागणी झाली. यापुढील संशोधनाने निवाडपत्रांइतकेच व्यापाऱ्यांचे रोजमेळ, खतावण्या व हुंड्या यांकडे लक्ष द्यावयास हवे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मोडी व फार्सी वाचनाची सांगड घालून हे काम हाती घेतले, तरच लुटीच्या चार दिवसांपलीकडचे जालना दिसू लागेल. रद्दीत गेलेल्या वहीला मात्र दुसरी प्रत नसते.